टेक्सासात पोरीचा इतिहासाचा होमवर्क घेताय? मग एवढं सांभाळा

अमेरिकेत घर घेताना आपण शाळेचं रेटिंग बघतो, दहापैकी नऊ पाहिजेच, पण तिथे इतिहास काय शिकवतात हे कोण बघतंय, आणि मग एक दिवस पोरगी विचारते, बाबा या लोकांना आफ्रिकेतून इकडे आणलं कोणी आणि का? घाबरू नका. टेक्सास, फ्लोरिडा, ओक्लाहोमा यापैकी कुठे राहत असाल तर तुमची बरीचशी सोय सरकारनेच करून ठेवलीय, वंशाबद्दल शाळेत काय शिकवायचं यावर तिथे कायदेच झालेत.

आधी स्वतःला पटवा की गुलामगिरी ही एक प्रकारची नोकरीच होती. हसू नका, 2015 मध्ये टेक्सासातल्या शाळांच्या भूगोलाच्या पुस्तकात छापलं होतं की अटलांटिक गुलाम व्यापारातून आफ्रिकेतले लाखो कामगार दक्षिणेतल्या मळ्यांवर कामाला आले. कामगार! एका मुलाने फोटो काढून आईला पाठवला, आईने बोभाटा केला, प्रकाशकाला दुरुस्ती करावी लागली. उगाचच. आपण पण वर्क व्हिसावरच आलो ना, फक्त त्यांचं तिकीट वन वे होतं आणि सीट बेल्टच्या जागी साखळदंड, बाकी सेमच. फ्लोरिडाने तर 2023 मध्ये अभ्यासक्रमातच घातलं की गुलामांनी शिकलेली कौशल्यं काही बाबतीत त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली, म्हणजे स्किल डेव्हलपमेंट हो. आता गुलामांना लिहायवाचायला शिकवणं दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांत गुन्हा होता, पण ते स्किल बहुतेक सिलॅबसच्या बाहेरचं असावं.

मग येतात रोझा पार्क्स. 1955, माँटगोमेरीची बस, काळ्या बाईचा गोऱ्या प्रवाशासाठी उठायला नकार, अटक, सगळं माहितीये आपल्याला. पण 2023 मध्ये फ्लोरिडासाठी पुस्तकं करणाऱ्या एका प्रकाशकाने मसुद्यात एवढंच ठेवलं की त्यांना दुसऱ्या सीटवर जायला सांगितलं, का सांगितलं ते गायब. गंमत म्हणजे असं करा म्हणून सरकारने सांगितलंच नव्हतं, यांनीच आपले चार पावलं पुढे जाऊन केलं (भीती दाखवायची पद्धत अशीच स्वस्त पडते, कायदा मोघम ठेवायचा, बाकीचं लोक स्वतःच खोडतात). पोरीने विचारलंच तर सांगा की आपल्या एसटीत टाकतात तसा खिडकीतून कोणीतरी आधीच रुमाल टाकला असेल.

ओक्लाहोमातल्या तुल्सा शहराचा विषय निघाला तर थोडी काळजी घ्या. 1921 मध्ये गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती जाळली, जवळजवळ 35 ब्लॉक. ओक्लाहोमाचे शिक्षणप्रमुख 2023 मध्ये म्हणाले की हे जरूर शिकवा, फक्त कातडीच्या रंगामुळे झालं असं म्हणू नका. बरोबर आहे, मेअखेर होती, उन्हाळ्यात लागते आग.

टेक्सासात आणखी एक सोय झाली, 2021 चा कायदा, त्याच्या पहिल्या रूपात होतं की वादग्रस्त विषय काढलात तर वेगवेगळ्या बाजू मांडा आणि वंशामुळे कोणाला अपराधी किंवा अस्वस्थ वाटायला पाहिजे असं शिकवू नका. यावरून डॅलसजवळच्या साउथलेकमध्ये एका अधिकारी बाईंनी शिक्षकांना सांगितलं होतं की वर्गात ज्यू हत्याकांडाचं पुस्तक असेल तर विरुद्ध बाजूचंही ठेवा. रेकॉर्डिंग बाहेर आलं नि तिथल्या शाळांच्या प्रमुखांना माफी मागावी लागली, नाहीतर कल्पना वाईट नव्हती, हिटलरलाही आई होतीच की.

आता स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जाऊन माईकवर ठणकावून सांगा, आम्ही मेरिटवर आलोय, आम्हाला कोणी काही दिलं नाही. टाळ्या पडतील. फक्त भगतसिंग थिंद यांचं नाव काढू नका, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, तरी 1923 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की हे गोरे नाहीत, सबब नागरिकत्व नाही. आणि 1965 चा इमिग्रेशन कायदा तर अजिबातच नको, काळे लोक रस्त्यावर मार खात होते त्याच वर्षांत तो झाला आणि आपल्याला दार उघडलं. पोरीने विचारलं की त्याआधी इथे आपले लोक इतके कमी कसे, तर सांगा विमानं कमी होती.

घरात महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' असेल तर वरच्या कपाटात टाका. 1873 चं पुस्तक आणि अर्पण कोणाला, तर गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. पोरगी हुशार आहे, गिफ्टेड प्रोग्रॅममध्ये आहे, लगेच विचारणार की पुण्यातल्या माणसाचा इथल्या गुलामांशी काय संबंध. आणि मग जात. सिअॅटल शहराने 2023 च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभावाला बंदी घातली, कॅलिफोर्नियातलं तसंच बिल मात्र ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने व्हेटो केलं, तेव्हा आपलेच कितीजण तावातावाने सांगत होते की इथे जातबित काही नाही, उगाच आमच्या मुलांवर शिक्का बसेल. तर तुम्हाला भाषण नव्याने लिहायला नको, टेक्सासवाल्या गोऱ्या आईबापांचंच घ्या, वंशाच्या जागी जात टाका, चपखल बसतं. त्यातूनही पोरीने आपल्या आडनावावरून काही विचारलंच तर घड्याळ बघा, कुमॉनच्या क्लासला सोडायची वेळ झालेलीच असेल.