डावा कल्ला

परवा केस कापून आलो आणि तेव्हापासून मी समोरच्याला चेहऱ्याची फक्त उजवी बाजू दिसेल अशा बेताने बोलतो आहे.

जुन्या पद्धतीच्या दुकानात जाण्याचा हट्ट माझाच होता. मशीनला दोन नंबरचे टोपण लावून ते डोक्यावरून फिरवले, की सगळीकडे सारखे सहा मिलिमीटर केस राहतात. त्यात कारागिरी ती कसली? मला कंगव्यावरून खटखट चालणारी कात्री हवी होती, मानेवर फेस लावून वस्तऱ्याने आखलेली रेघ हवी होती आणि शेवटी तुरटीचा खडा हवा होता. हे सगळे मिळाले. तुरटी तर अंमळ जास्तच लागली.

खुर्चीत बसल्यावर कारागीर पहिल्यांदा चष्मा काढून घेतो. माझा नंबर उणे पाच असल्यामुळे त्या क्षणापासून समोरच्या आरशात भिजवलेल्या कणकेचा एक गोळा तेवढा दिसतो. हात पांढऱ्या कापडाखाली कोंडलेले असतात, नाकाच्या शेंड्यावर एक केस येऊन बसलेला असतो, आणि तोंड उघडावे तर दुसरा आत जाण्याची भीती. अशा अवस्थेत मागच्या बाकावरून आवाज आला.

"डावा कल्ला खाली राहिलाय."

कात्री थांबली. आता कारागीर त्या आगंतुकाला गप्प करील, अशी माझी भाबडी समजूत होती. तो दोन पावले मागे सरला आणि म्हणाला, "खरंच की, काका."

डावा कल्ला वर गेला. वर्तमानपत्राची घडी पडल्याचा आवाज आला, म्हणजे काकांनी आता पूर्ण लक्ष घातले होते. "भोवऱ्यापाशी हात राखून हं, नाहीतर तुरा उभा राहतो." (हे मात्र बरोबर होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.) "वरचे फार काढू नका, कपाळ मोठं दिसेल. की आधीपासूनच मोठं आहे?"

"साहेबांना विचारतो," कारागीर म्हणाला.

"त्यांना काय विचारता? त्यांना दिसतंय कुठे!"

इंग्लंडमध्ये १५४० पासून १७४५ पर्यंत केस कापणारे आणि शस्त्रक्रिया करणारे एकाच संघात होते, आणि दुकानाबाहेरच्या खांबावरचे लाल-पांढरे पट्टे ही रक्ताची व ते पुसणाऱ्या पट्टीची खूण मानली जाते. त्या काळीही बाकावर कोणीतरी असणारच. डावी दाढ उपटून झाल्यावर, "आता उजवीकडची मोठी वाटते," असे सांगणारे.

माझ्या बाबतीत कल्ला आणखी एकदा वर गेला. मी "अहो, राहू द्या" असे म्हणालो, असे मला वाटते. कापडाच्या आतून त्याचा हुंकार झाला असावा, कारण कारागिराने मान हलवून वस्तरा परजला. माझे डोके, माझे पैसे, आणि मत मात्र तिसऱ्याचे! नवरदेवालाही याहून जास्त विचारतात.

शेवटी मागे आरसा धरून, "बघा साहेब," असे त्याने विचारले. चष्मा त्याच्याच फळीवर, पावडरच्या डब्यामागे होता. मला मागचेही दिसत नव्हते आणि पुढचेही. मी म्हणालो, "छान."

चष्मा चढवल्यावर उजवा कल्ला कानाच्या मध्यापर्यंत आणि डावा जवळजवळ भुवईच्या रेषेत असल्याचे दिसले. रागाने वळून मी काकांना म्हणालो, "बसा, आता तुमचा नंबर."

"माझा? छे! मी पेपर वाचायला येतो."

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, पण उजवीकडचेही वाढणारच, तेव्हा नुसते थांबून भागणार नाही. उजवा कल्ला डाव्याच्या बरोबरीने वर न्यायचा तर पुन्हा एकदा त्या खुर्चीत बसावे लागेल, आणि काका रोज येतात, सकाळी दुकान उघडल्यापासून.