'चाइल्ड आर्टिस्ट लायसन्स' नावाचं काही नसतं, पैसे भरू नका

गेले काही दिवस पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'मुलांना मालिकेत, जाहिरातीत चमकवायचंय? सरकारमान्य चाइल्ड आर्टिस्ट लायसन्स काढा. एकदाच ७,५०० रुपये, वयाच्या १४ वर्षांपर्यंत चालेल.' खाली 'कायदेशीर' मुद्दे: कलाकार मुलांना बालकामगार कायदा लागू नाही, पालकांनी सही केली की वेळेचं बंधन नाही, शाळेचं टेन्शन नको, कमाई पालकांची. माझ्या मावसबहिणीने तो मला पाठवला आणि विचारलं, "ताई, चिऊचं काढून ठेवू का? उद्या शेवटची तारीख आहे." चिऊ सात वर्षांची आहे. चिडले, म्हणून हे लिहितेय.

आधी लायसन्स, कारण पैसे तिथेच जातात. बालकामगार कायद्याच्या नियमांत २०१७ साली दुरुस्ती झाली आणि त्यात '२ सी' हा नियम आला. तो जेमतेम पानभर आहे, प्रत्येक पालकाने वाचावा. परवानगी मुलाने काढायचीच नसते. ती निर्मात्याने काढायची, काम सुरू होण्याआधी, आणि ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडून. सोबत 'फॉर्म सी'मधलं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेला जबाबदार असलेल्या माणसाचं नाव. म्हणजे गोरेगावच्या चित्रनगरीत काम असेल तर मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं, आणि तेच युनिट पुढे वाईला गेलं तर साताऱ्याच्या. शिवाय हमीपत्राची मुदत सहा महिने. मग १४ वर्षांपर्यंत चालणारं लायसन्स आलं कुठून? निर्माता ठरलेला नाही, मालिका ठरलेली नाही, जागा माहीत नाही, तर जिल्हाधिकारी परवानगी देणार तरी कशाची? कलाकारांच्या एखाद्या संघटनेचं कार्ड ही वेगळी गोष्ट, ती सरकारी परवानगी नव्हे. सात हजार पाचशे घेऊन छापील कार्ड देणारा माणूस तुमच्या मुलाला काम देत नाहीये, तो तुमच्याकडून पैसे काढतोय.

'कायदा लागूच नाही' यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. १९८६ च्या कायद्यात २०१६ ला बदल झाला आणि १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली. त्यातून सिनेमा, मालिका, जाहिराती यांतल्या बालकलाकारांना सूट मिळाली. पण ती सूट अटी पाळल्या तरच. अटी मोडल्या की सूट संपली. सर्कशीला तर ती सूटही नाही.

सगळ्यात घातक मुद्दा वेळेचा. 'पालकांनी सही केली की बंधन नाही' हे धादांत खोटं आहे. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. यात पालकांची सही काहीही बदलत नाही, कारण नियम मुलासाठी आहे. मालिकांच्या सेटवर मोठ्यांची शिफ्ट बारा तासांची असते आणि मुलालाही त्याच कॉल टाइमला, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेला, बोलावून घेतात. सकाळी नऊला मेकअप, केस बांधून तयार. मग 'आधी मोठ्यांचा सीन उरकू' म्हणत पहिला शॉट दुपारी तीनला. तोवर फ्रॉक चुरगळेल म्हणून झोपू देत नाहीत, मेकअप उतरेल म्हणून नीट जेवूही देत नाहीत. माझ्या मते हे बसून राहणंही कामच आहे. कॉल टाइम मुलाचा वेगळा मागा. 'ॲडजस्ट करा' असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. आणि मुलाची इच्छा नसेल तर त्याला उभं करता येत नाही, हेही याच नियमात लिहिलंय. आईने दटावून होकार मिळवला तर ती इच्छा नव्हे.

शाळेबद्दल मेसेज म्हणतो, 'नंतर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी होते.' सात वर्षांच्या मुलीला दहावीचा बाहेरून बसायचा फॉर्म सांगणाऱ्याला काय म्हणायचं? शिक्षणात खंड पडता कामा नये, त्याची सोय निर्मात्याने करायची आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही, असा नियम आहे.

कमाई. किमान २० टक्के रक्कम थेट मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवी, ती मूल सज्ञान झाल्यावर त्याला मिळते. अमेरिकेत जॅकी कूगन या बालनटाने लाखो डॉलर कमावले, मोठा झाल्यावर हाती फारसं काही उरलेलं नव्हतं. १९३८ मध्ये त्याने आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यासाठी कायदाच केला. आपल्याकडे उरलेल्या ८० टक्क्यांबद्दल हा नियम गप्प आहे, ते मला मुळीच पटत नाही. पण म्हणून २० टक्केही सोडून द्यायचे? पहिला चेक आला की ठेवीची पावती मागा.

शेवटचा मुद्दा, 'पालकांवर कधीच कारवाई होत नाही.' कायद्यात पालकांना सवलत आहे खरी, पण ती पहिल्या गुन्ह्यापुरतीच. नियम मोडून व्यापारी कारणासाठी मुलाला पुन्हा कामाला लावलं तर पालकांनाही दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला कामावर ठेवणाऱ्याला शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

चिऊला नाटकाची खरंच आवड आहे, तिने काम करू नये असं माझं म्हणणं नाही. बोलावणं आलं तर बहिणीने आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत मागावी आणि चिऊची जबाबदारी कोणावर आहे ते नावानिशी विचारावं. अशी एक व्यक्ती जास्तीत जास्त पाच मुलांमागे असावीच लागते. सेटवर मुलांना त्रास होताना दिसला तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा, फोन फुकट लागतो. आणि तो मेसेज ज्या ग्रुपवरून आला तिथेच, त्याच्या खालीच, हे टाका.