व्हीडीएसओ बंद करू नका: फिरणाऱ्या पोस्टला उत्तर

लिनक्स सर्व्हर 'सुरक्षित आणि वेगवान' करण्याची एक पोस्ट सध्या सगळीकडे फॉरवर्ड होते आहे. तिचा रोख व्हीडीएसओवर आहे, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रत्येक प्रोग्रामला जोडून देतो त्या छोट्या कोडवर; तो कर्नलमध्ये न शिरता वेळ सांगतो. पोस्टचं म्हणणं असं: कर्नलचं घड्याळाचं पान (वेळेचे आकडे असलेला मेमरीचा तुकडा) प्रत्येक प्रोग्रामला उघडं असतं, त्यामुळे कुणीही वेळ बदलू शकतं, ते पान लॉक न लावता वाचलं जातं, त्यामुळे अर्धवट वेळ हाती येते, शिवाय वेळ विचारणारं क्लॉक_गेटटाइम हा महागडा सिस्टिम कॉल (कर्नलमध्ये शिरून काम करून घेणं) आहे. उपाय काय, तर बूट लाइनमध्ये (कर्नल सुरू होतानाच्या सूचनांत) व्हीडीएसओ=० टाका आणि आरडीटीएससी सूचनेने प्रोसेसरचा काउंटर थेट वाचा. माझ्या धाकट्या भावाने हे खरं मानून टेस्ट सर्व्हरवर करूनही टाकलं. म्हणून हे उत्तर.

'कुणीही वेळ बदलू शकतं' हे साफ खोटं आहे. कुठल्याही प्रोसेसची मॅप्स फाइल (तिच्या मेमरीच्या भागांची यादी) उघडा. त्यात व्हीव्हार नावाचा भाग (तेच घड्याळाचं पान) दिसेल आणि त्यापुढे फक्त वाचण्याची परवानगी. एमप्रोटेक्ट या कॉलने लिहिण्याची परवानगी मागून पाहा, ईॲक्सेस (परवानगी नाकारल्याची चूक) मिळेल, कारण कर्नल हे पान जोडतानाच पुढे लिहिण्याची मुभा मिळण्याची वाट बंद करतो. आणि त्या पानावर असतं काय? क्रमांक, काउंटरचं शेवटचं वाचन, टिकांचे नॅनोसेकंद करायचे गुणक आणि शिफ्ट, पायाभूत सेकंद आणि नॅनोसेकंद, टाइमझोन. चोरण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते. जुनं व्हीसिस्कॉल पान (व्हीडीएसओच्या आधीची याच कामाची सोय) प्रत्येक प्रोसेसमध्ये एकाच ठरलेल्या पत्त्यावर असायचं आणि हल्लेखोरांना तिथे तयार सूचना सापडायच्या. ती तक्रार रास्त होती. पण व्हीडीएसओ ही वेगळी गोष्ट आहे. तिचा पत्ता प्रोग्राम सुरू होताना दर वेळी बदलतो. दोन्ही एकच समजून भीती पसरवायची हे बरं नव्हे.

आता लॉकचा मुद्दा. सगळ्यात घातक सल्ला हाच आहे, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो.

अर्धवट वाचनाचा धोका खरा असतो. समजा पानावर १० सेकंद आणि ९९,९९,९९,९९८ नॅनोसेकंद आहेत, आणि कर्नल तिथे ११ सेकंद, ३ नॅनोसेकंद लिहितो आहे. नवे सेकंद आणि जुने नॅनोसेकंद उचलले, तर घड्याळ जवळजवळ एक सेकंद पुढे. उलट झालं तर तेवढंच मागे. म्हणूनच तो क्रमांक ठेवलेला असतो. लिहायला घेण्याआधी कर्नल तो एकने वाढवून विषम करतो, आकडे लिहितो, आणि पुन्हा एकने वाढवून सम करतो. वाचणारा क्रमांक विषम दिसला तर थांबतो. सम असेल तर आकडे उचलतो, काउंटर वाचतो आणि क्रमांक पुन्हा तपासतो. तो बदललेला असेल तर उचललेलं सगळं टाकून पहिल्यापासून सुरुवात. मधले मेमरी बॅरियर (वाचनांचा क्रम बांधणाऱ्या सूचना) गाळले तर आर्मवर प्रोसेसर वाचनांचा क्रम उलटा करू शकतो. एक्स८६ वर (इंटेल, एएमडी) कम्पायलरने क्रम बदलण्याचं भय उरतंच. हे सगळं कर्नलच्या लिब/व्हीडीएसओ/गेटटाइमऑफडे.सी या फाइलमध्ये आहे. पोस्ट लिहिणाऱ्याने ती एकदा जरी उघडली असती तरी पुरलं असतं.

इथे लॉक का नाही? लॉक घ्यायचा म्हणजे वाचणाऱ्याला त्या पानावर लिहावं लागणार. मग एखादा प्रोग्राम लॉक घेऊन झोपला किंवा मेला, की कर्नल घड्याळ पुढे सरकवण्यासाठी त्याची वाट पाहत बसणार. सगळ्या मशीनची वेळ एका फालतू प्रोसेसच्या हातात! आपल्या प्रोग्राममध्ये भोवती स्वतःचा म्युटेक्स (एक प्रकारचा लॉक) लावूनही काही साधत नाही, कर्नल तो पाहतच नाही. उलट म्युटेक्स हातात असताना सिग्नल आला आणि तो हाताळणाऱ्या हँडलरनेही वेळ विचारली, तर तिथेच डेडलॉक, प्रोग्राम कायमचा अडकला. क्रमांकाच्या पद्धतीत हँडलरने खुशाल घड्याळ वाचावं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र एक कोपरा आहे. क्रमांक विषम असतानाच होस्टने लिहिणारा व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) बाजूला काढला, तर बाकीचे वाचणारे तो परत येईपर्यंत फिरत राहतात. वेळ चुकत नाही, उशीर होतो.

'महागडा सिस्टिम कॉल' हे तर पोस्टच्याच पहिल्या मुद्द्याला छेद देतं. व्हीडीएसओमुळे कर्नलमध्ये शिरावंच लागत नाही; व्हीडीएसओ=० केलंत की प्रत्येक वाचन खरोखर सिस्टिम कॉल होतं.

थेट आरडीटीएससी वाचायची तर वारंवारता तुम्ही शोधायची, क्रम राखणारं एलफेन्स तुम्ही लावायचं, एनटीपीची (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची) दुरुस्ती तुम्ही करायची. दोन सॉकेटांचे (प्रोसेसरांचे) काउंटर एका टिकनेही मागेपुढे असले तर अनसाइन्ड (ऋण आकडा नसलेली) वजाबाकी प्रचंड आकडा देते, ३ गिगाहर्ट्झला सुमारे १९५ वर्षं! एक्स८६ चं व्हीडीएसओ अशा वेळी फरक शून्य धरतं.

घड्याळ खरंच मंद वाटत असेल तर सिसएफएसमधल्या (/sys) क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स या फाइलमध्ये पाहा. टीएससीऐवजी (आरडीटीएससी वाचतं तो काउंटर) एचपीईटी किंवा एसीपीआय_पीएम हा दुसरा टायमर असेल, तर व्हीडीएसओ नाइलाजाने सिस्टिम कॉलकडे वळतं. मग डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) टीएससीला अनस्टेबल का ठरवलं ते शोधा. एसट्रेसमध्ये (सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) क्लॉक_गेटटाइमची रांग दिसली तर बहुधा हेच कारण, किंवा तुम्ही सीपीयू-टाइमची (प्रोग्रामने प्रोसेसरवर घालवलेल्या वेळेची) घड्याळं विचारता आहात. ती नेहमी कर्नलमध्येच जातात. आणि लॉगसाठी चार मिलिसेकंदांची बारकाई पुरत असेल, तर क्लॉक_रिअलटाइम_कोर्स वापरा. एचझेड (कर्नलचे दर सेकंदाचे टिक) २५० असताना त्याची पायरी तेवढीच असते आणि काउंटर वाचावाच लागत नाही.