दुखणं सरकारी, धाकधूक खासगी

बर्फावर पाय घसरून मी पडलो तेव्हा आधी खांदा दुखला, मग कायदा. न्यू जर्सीत मी घरोघर टपाल टाकतो, म्हणजे अमेरिकेचा सरकारी नोकर. ड्यूटीवर लागलं तर १९१६ च्या कायद्याने भरपाई मिळते. ४५ दिवसांपर्यंत पूर्ण पगार, पुढे सड्याफटिंगाला दोन तृतीयांश आणि बायकापोरांच्या धन्याला पाऊण. (संसाराचा रोख फायदा आयुष्यात पहिल्यांदाच दिसला.)

सीए-१ नावाच्या फॉर्मवर बजावलेलं असतं की जाणूनबुजून खोटं लिहाल तर फौजदारी होईल. बायकोने लगेच फौजदारी कायद्याचं कलम १९२० शोधून मोठ्याने वाचलं. लाटलेली रक्कम १,००० डॉलरच्या आत असेल तर १ वर्षापर्यंत कैद, वर गेली की ५ वर्षांपर्यंत, शिवाय दंड. "आणि दोषी ठरलात की पुढची भरपाईही बंद," असं म्हणून तिने चहा पुढे केला.

वर युनियनमधल्या एका जुन्या खोडाने नॉर्थ कॅरोलायनातली गोष्ट सांगितली. तिथल्या एका टपालवालीचा दावा होता की खांद्यामुळे टपालाचे ट्रे उचलवत नाहीत. २००९ मध्ये बाई टीव्हीवरच्या बक्षिसांच्या खेळात गेल्या आणि दोन्ही हात वर करून तिथलं अगडबंब चाक गरागरा फिरवलं. २०१३ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल करावा लागला. पुरावा साऱ्या देशाने आधीच पाहिलेला!

तेव्हापासून माझा खांदा खरा दुखत असूनही मी चोरासारखा वावरतो. इंडियन स्टोअरमधून तांदळाची गोणी बायको उचलते, मी मागून रिकाम्या हाताने येतो, आणि पार्किंगमधल्या समस्त काकू माझ्याकडे बघतात. त्यांना काय डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवू?

पाडव्याला तर कमाल झाली. डॉक्टरांची अट अशी की १० पौंडांवर उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. काठी, साडी, तांब्या, गाठी सगळं मी बाथरूममधल्या काट्यावर ठेवलं. वजन बसलं, पण उंचीचं काय? समोरच्या घराच्या दारावर कॅमेरा. "अहो, कायदा हात हलवण्याला नाही, थापा मारण्याला शिक्षा देतो," बायको म्हणाली. "उचललीत तर डॉक्टरांना तसं सांगा, संपलं." बरोबरच होतं तिचं. तरी गुढी तिनेच उभारली.

मंडळाच्या कार्यक्रमाला अध्यक्षांनी विचारलं, "भाऊ, स्वयंसेवकांत नाव घालू ना? नुसती जेवणाची कुपनं फाडायची." मला घाम फुटला. भरपाई लांबली की सीए-१०३२ नावाचा आणखी एक फॉर्म येतो आणि मागच्या १५ महिन्यांतलं बिनपगारी कामसुद्धा विचारतो. कुपनं फाडायला खांदा किती लागतो, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

शेवटी पत्रिकेत माझं नाव 'विशेष उपस्थिती'खाली छापून आलं.

"घरी तरी दुसरं काय करता?" बायको म्हणाली.