टोचली की नाही, हेच कळेना तेव्हा...

रुग्णालयात काम करताना पेशंटला वापरलेली सुई टोचण्यावरच्या लेखात लिहिलंय, 'सुई टोचली की लगेच कळवा.' बरोबर आहे. पण टोचली की नाही, हेच कळत नसेल तर? माझं तसंच झालं होतं. नाइट ड्युटी, पहाटेचे चार, रक्त घेताना पेशंटने हात झटकला. बोटाला काहीतरी चुरचुरलं, रक्त मात्र दिसेना. ग्लोव्ह काढून नळाखाली पाण्याने भरला, तर ग्लोव्हच्या बोटातून पाण्याची बारीक धार! पोटात गोळाच आला.

बोट साबण-पाण्याने धुतलं. शेजारची सिस्टर स्पिरिट घेऊन धावली, तिला थांबवलं. स्पिरिट लावायचं नाही, बोट पिळायचं नाही, तोंडात तर मुळीच घालायचं नाही. (तोंडात बोट जातं हो, लहानपणची सवय!) इन्चार्ज म्हणाल्या, "सकाळी बघू." मी ऐकलं नाही, तशीच कॅज्युअल्टीत गेले. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत घ्यावी लागते, ७२ तासांनंतर उपयोग नसतो.

एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तिघांना. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी या काविळीचा धोका त्याहून कितीतरी मोठा. पण हा हिशेब रात्री झोपताना आठवत नाही. २८ दिवस गोळ्या, मळमळ, मग सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी तपासणी. नवऱ्याला आठ दिवसांनी सांगितलं. तो चिडला, गोळीमुळे नाही, आठ दिवस लपवलं म्हणून.

रिपोर्ट निगेटिव्ह आले. वॉर्डातला वापरलेल्या सुयांचा डबा मात्र अजूनही काठोकाठ भरेपर्यंत कोणी बदलत नाही.