‘दोन कोटी गोपनीय पानं चोरली’ म्हणे!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: ॲरन स्वॉर्ट्झ नावाच्या हॅकरने अमेरिकी न्यायालयांच्या संगणकात घुसून दोन कोटी गोपनीय पानं चोरली, एफबीआयने त्याला पकडलं, 35 वर्षांची शिक्षा झाली आणि त्याने तुरुंगात आत्महत्या केली. शेवटी उपदेश: सरकारी माहिती फुकट मागणाऱ्यांनो, यंत्रणा चालवायला पैसे लागतात! मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे ‘हॅकर’ शब्द दिसला की हात शिवशिवतात. एकेक मुद्दा घेऊ.

‘गोपनीय’ हा पहिला. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांतली कागदपत्रं ‘पेसर’ या ऑनलाइन यंत्रणेवर असतात. दावे, अर्ज, आदेश, सगळं. 2008 मध्ये तिथे खातं उघडून पानाला 8 सेंट मोजणाऱ्या कुणालाही ती मिळत होती. आठ सेंटांत मिळणारं गुपित! बरं, संघीय सरकारने स्वतः तयार केलेल्या कागदांवर, म्हणजे न्यायाधीशांच्या निकालांवरही, तिथल्या कायद्यानुसार कॉपीराइटच नसतो.

खरी गोपनीय म्हणावी अशी माहिती त्या कागदांत होती, पण ती ॲरनमुळे आलेली नव्हती. सोशल सिक्युरिटी क्रमांकासारखे (आपल्या आधार क्रमांकासारखा तिथला ओळख क्रमांक) तपशील वकिलांनी खोडायचे असतात. अनेकांनी ते खोडलेच नव्हते आणि पेसर ती पानं तशीच विकत होतं. ॲरनने उतरवलेला साठा कार्ल मलामुड यांच्याकडे गेला. सरकारी कागद लोकांसाठी खुले करण्याच्या कामात ते कित्येक वर्षांपासून आहेत. त्यांनी तो तपासून काढला आणि कुठे कुणाचे क्रमांक उघडे पडलेत, ते न्यायालयांना लेखी कळवलं. आता चोर कोण आणि राखणदार कोण, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं.

‘घुसून चोरली’ या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. त्या काळात 17 ग्रंथालयांत पेसर फुकट वापरू देण्याचा एक प्रयोग चालू होता. थंब ड्राइव्ह घेऊन ग्रंथालयांत जा आणि जमेल तेवढं उतरवून आणा, असं आवाहन मलामुड यांनी केलं होतं. ॲरनने काय केलं? ग्रंथालयाच्या लॉगिनवर पर्ल या भाषेतली एक स्क्रिप्ट, म्हणजे पानं आपोआप उतरवणारा छोटा प्रोग्रॅम, चालवली, तीही ग्रंथालयात न बसता, बाहेरच्या सर्व्हरवरून. सवलत ग्रंथालयात येणाऱ्यांसाठी होती, त्यामुळे त्याने नियम ताणला असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण त्याला कुलूप फोडणं म्हणत नाहीत. वाचनालयाचं एक कार्ड घेऊन रोज पोतं भरून पुस्तकं नेण्यासारखा तो प्रकार. शिवाय इथे पुस्तक नेलं तरी फळीवर तसंच राहतं. सुमारे 1 कोटी 98 लाख पानं उतरल्यावर, सप्टेंबर 2008 अखेर, तो प्रयोगच गुंडाळण्यात आला.

‘एफबीआयने पकडलं.’ नाही. चौकशी केली आणि एप्रिल 2009 मध्ये काहीही आरोप न ठेवता फाइल बंद केली. हे कळलं कसं? ॲरनने आपल्याकडच्या आरटीआयसारख्या तिथल्या कायद्याखाली स्वतःचीच फाइल मागवली आणि सगळ्यांना वाचायला ठेवली. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. एफबीआयचा माणूस इलिनॉयमधल्या त्याच्या घरावरून गाडी घेऊन गेला आणि नोंद करून आला: घर बरंच आत आहे, झाडी दाट आहे, रस्ता पुढे बंद आहे आणि दुसरी एकही गाडी उभी नाही, त्यामुळे लक्षात न येता पाळत ठेवणं अवघड. कशासाठी ही पाळत? न्यायालयाचे जाहीर कागद डाउनलोड केले म्हणून!

35 वर्षांचा आकडा वेगळ्याच प्रकरणातला आहे. एमआयटी या विद्यापीठाच्या नेटवर्कवरून जेस्टोर या ऑनलाइन संग्रहातले शोधनिबंध मोठ्या संख्येने उतरवल्याबद्दल जानेवारी 2011 मध्ये त्याला अटक झाली. त्यात सरकारी कागदांचा संबंध नव्हता. 35 वर्षं हा सरकारी वकिलांच्या प्रसिद्धिपत्रकात दिलेला कमाल शिक्षेचा आकडा. पुढे कलमं वाढून तेरा झाली, पण खटला उभाच राहिला नाही, मग शिक्षा कुठली? तो जामिनावर बाहेर होता. 11 जानेवारी 2013 रोजी ब्रुकलिनमधल्या राहत्या घरी त्याने जीवन संपवलं. वय 26. तीनच दिवसांनी खटला मागे घेण्यात आला. एखाद्याच्या मृत्यूचा किस्सा फॉरवर्ड करताना निदान तो तुरुंगात होता की घरी, एवढं तरी पाहावं.

राहिला तो उपदेश. यंत्रणेला पैसे लागतात, हे कबूल. म्हणूनच 2002 च्या कायद्याने न्यायालयांना फी घेऊ दिली, पण सेवा देण्यासाठी आवश्यक तेवढीच. प्रत्यक्षात ती फी भलतीकडेही वळवली गेली. 2016 मध्ये तीन संस्थांनी दावा लावला. 2020 मध्ये अपील न्यायालयानेही मान्य केलं की यातला काही खर्च या फीमधून करायचा नव्हता. शेवटी 12.5 कोटी डॉलरची तडजोड झाली आणि 2024 मध्ये तिला अंतिम मंजुरी मिळाली. म्हणजे ‘पैसे लागतात’ म्हणत जास्त पैसे घेणारे सापडले ते न्यायालयातच.

आपल्याकडे न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर आदेशाची प्रत कॅप्चा भरला की फुकट मिळते. (तो कॅप्चा तिसऱ्या फेरीत जुळतो, ते सोडा.) त्याच 2008 मध्ये सुशांत सिन्हा या प्रोग्रॅमरने ‘इंडियन कानून’ हे निकाल शोधायचं संकेतस्थळ सुरू केलं. त्याचं पान उघडलं नाही असा वकील आज शोधून दाखवा. पेसरचा दर मात्र आता 10 सेंट आहे आणि शोधात काहीच सापडलं नाही, तरी एका पानाचे पैसे लागतात.