लायसन बाटवतलस?

"लायसन्स कन्व्हर्ट करून घेतोय," असं मी ओटीवरून मित्राला फोनवर सांगितलं आणि माजघरात विळीचा आवाज थांबला. आमचं गाव शिरोड्याजवळ. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. 'कन्व्हर्ट' म्हणजे काय ते आजीला सांगावं लागत नाही.

"रे झिला, लायसन बाटवतलस?"

इतकी नेमकी व्याख्या पुढे मला एकाही प्रशिक्षकाने दिली नाही.

झालं होतं असं. दोनशे तास उडवून, घरच्यांच्या काजूच्या बागेवर कर्ज चढवून मी व्यावसायिक वैमानिक झालो. इथे माझ्यासारखे दोनशे तासवाले भरपूर आणि विमानातल्या खुर्च्या मोजक्या. म्हटलं, युरोपात बघू. तेव्हा कळलं की माझं लायसन्स तिकडे जवळजवळ कोरा कागद. १९४४च्या शिकागो करारानुसार विमान ज्या देशात नोंदलेलं, लायसन्स त्या देशाचं हवं, नाहीतर त्या देशाने तुमचं मान्य करायला हवं. भारतात नोंदलेलं विमान घेऊन मी परदेशात उतरलो तर कुणाची हरकत नाही. पण तिथेच शेजारी उभ्या असलेल्या, अगदी त्याच बनावटीच्या त्यांच्या विमानाला मी हात लावायचा नाही.

हे मी शेजारच्या तांडेलकाकांना समजावलं. ते जाळं शिवत होते. सुई न थांबवता म्हणाले, "म्हणजे माझ्या होडयेत मी तांडेल, आनि बाजूवाल्याच्या होडयेत चढलंय काय खलाशी?"

खलाशी तरी कुठला! युरोपचं लायसन्स हवं तर आधी तेरा पेपर. प्रत्येकात ७५ टक्के, आणि पहिल्याला बसलात की १८ महिन्यांत सगळे उरकायचे. शिवाय भारतात धडधाकट ठरलेले माझे डोळे, कान आणि हृदय तिकडे पुन्हा एकदा धडधाकट ठरायला हवं.

अभ्यासाला बसलो तो जूनमध्ये, हा माझाच गाढवपणा. हवामानशास्त्रात पंखावर साचणाऱ्या बर्फाचे प्रकार पाठ करायचे होते. मी आयुष्यात बर्फ पाहिला तो मासळीच्या पेटीत, सुरमईच्या अंगावर. नेमका नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा धडा आला तेव्हा वीज गेली, आणि टॉर्चच्या उजेडात वाचतोय तर त्याच वाऱ्यांनी कौलातून थेट पुस्तकावर धार धरली. इतका प्रात्यक्षिकासह धडा युरोपात कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही. सराव परीक्षेत मात्र त्याच धड्यातले दोन प्रश्न चुकले.

पण खरा घात लॉगबुकाने केला. उडवलेल्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब त्यात असतो, आणि त्याच्या प्रती तिकडे पाठवायच्या होत्या. कपाटातून काढलं तर पुठ्ठ्यावर हिरवी बुरशी, पानं एकमेकांना चिकटलेली. हलक्या हाताने सोडवली. माझ्या पहिल्या एकट्याच्या उड्डाणाच्या ओळीवर शिक्क्याची जांभळी शाई अशी पसरली होती की ते उड्डाण होतं की जांभळाचा डाग, ते फक्त मला माहीत.

आई म्हणाली, "दी हडे." आणि चुलीच्या वर, जिथे पावसात आमचे सुके बांगडे टांगलेले असतात, तिथे तिने लॉगबुक उघडं टांगलं. तीन दिवसांत कडकडीत सुकलं. बुरशी गेली, बांगडा राहिला. स्कॅनमध्ये वास जात नाही हे त्यातल्या त्यात नशीब. पण मूळ प्रत दाखवायची वेळ येईल तेव्हा समोरचा साहेब शाकाहारी नसावा.

एवढं सगळं झाल्यावर मी नोकरीच्या जाहिराती नीट, शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. आधी का वाचल्या नाहीत, हे बाबांनीही विचारलं. शेवटची ओळ बहुतेक ठिकाणी तीच: युरोपात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आधीपासून हवा.

बाबांनी दुसऱ्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं.

गावकरांनी नारळ हातात धरून सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तेरा पेपर देवचा मनात धरलेला आसा. तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"इमान खंयच्याय देशाचा आसूंदे, ता सुखरूप खाली येवूंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज आजीचा.

मी बाबांच्या कानात कुजबुजलो, की कामाच्या हक्काचं आणि व्हिसाचं राहिलं. बाबांनी ते गावकरांच्या कानात घातलं. गावकरांनी क्षणभर देवाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तेका येगळो नारळ लागतलो."